छातीतील सावलीला नाव देण्याची निकड

छाती न उघडता गाठीचा नमुना काढण्याची तंत्रे आज उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो नमुना वेळेवर घेण्याचा आणि तो जपून वापरण्याचा.

खोकला महिनाभर थांबत नाही, वजन उतरू लागते, संध्याकाळी अंगात कणकण राहते. छातीच्या एक्स-रेवर एक पांढुरकी सावली दिसते आणि बेडक्यात जंतू सापडलेले नसतानाही क्षयरोगाची औषधे सुरू होतात. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला जातो. सावली तेवढीच किंवा थोडी वाढलेली असते. औषधे बदलून आणखी काही आठवडे वाट पाहिली जाते. अखेर सीटी स्कॅन होतो, संशय बळावतो आणि गाठीचा तुकडा तपासायचे ठरते; पण तोवर कर्करोग हाडांपर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचलेला असतो. छातीचे विकार पाहणाऱ्या भारतातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला हा घटनाक्रम अपरिचित नाही.

या पार्श्वभूमीवर ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीकडे पाहायला हवे. अमेरिकेतील सात केंद्रांतील सव्वादोनशेहून अधिक रुग्णांमध्ये, फुप्फुसातील एक ते तीन सेंटिमीटरच्या गाठीचा नमुना घेण्याच्या दोन पद्धतींची तिथे तुलना झाली. एक पद्धत छातीच्या भिंतीतून सुई घालण्याची, तर दुसरी श्वासनलिकेतून संगणकाच्या मार्गदर्शनाने दुर्बीण नेण्याची. वर्षभराच्या पाठपुराव्यानंतर अचूक निदानाचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात ७९ टक्के, तर सुईच्या गटात सुमारे ७४ टक्के आढळले. म्हणजे दोन्ही पद्धती जवळजवळ तुल्यबळ ठरल्या. फरक पडला तो इजेत. फुप्फुसाभोवती हवा शिरून ते आकसण्याचा प्रकार सुईच्या गटात २८ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात अवघ्या ३ टक्के रुग्णांत झाला.

वैद्यकातील ही घोडदौड आश्वासक आहे. परंतु तिच्यातून भारतापुरता निघणारा निष्कर्ष थोडा वेगळा आहे. गाठीपर्यंत पोचण्याचे मार्ग आज अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक मार्गांना मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. असे असूनही रुग्ण उशिरा पोचतो, त्याचे कारण तंत्राच्या उणिवेपेक्षा निर्णयाच्या दिरंगाईत अधिक आहे.

सावली फसवी का ठरते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारतात क्षयरोगाचे अंदाजे २८ लाख नवे रुग्ण होते. जगातील एकूण रुग्णांपैकी हे प्रमाण २६ टक्के भरते. दुसरीकडे, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘ग्लोबोकॅन’ अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार मृत्यू झाले. क्षयरोगाचा पसारा इतका मोठा असताना डॉक्टरांच्या मनात पहिला विचार त्याचा यावा, हे स्वाभाविकच. पण नव्या रुग्णांची आणि मृत्यूंची संख्या इतकी जवळ असावी, यातूनच निदान किती उशिरा होते याची कल्पना येते.

दोन्ही आजारांची लक्षणे सारखी आहेत. खोकला, बेडक्यातून रक्त, वजन घटणे, छातीत पाणी होणे हे दोहोंतही घडते. एक्स-रेवरची सावली दोहोंत सारखीच दिसू शकते. सीटी स्कॅनमध्ये अधिक तपशील मिळतो, पण तोही शंभर टक्के निर्णायक नसतो. पेट स्कॅनने तर भारतात हमखास चकवा मिळतो. शरीरात जिथे साखर अधिक वेगाने वापरली जाते ती जागा या तपासणीत उजळते; कर्करोगाच्या गाठीप्रमाणेच क्षयाची सक्रिय गाठही तशीच उजळते. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार, हा समज अजून पक्का आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४८९ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नव्हते. त्यामुळे पन्नाशीतल्या, व्यसन नसलेल्या गृहिणीच्या छातीतील सावलीकडेही संशयाने पाहणे भाग आहे.

तात्पर्य, चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते चित्रच. रोगाचे नाव ठरते ते पेशी किंवा ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

शंभर वर्षांचा प्रवास

छातीत न कापता डोकावण्याची धडपड जुनी आहे. जर्मनीतील गुस्टाफ किलियन यांनी १८९७ मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा ताठ नळी घालून काढला आणि ब्राँकोस्कोपीचा पाया घातला गेला. स्वीडनमधील हान्स ख्रिश्चन याकोबेयुस यांनी १९१० मध्ये बरगड्यांच्या फटीतून दुर्बीण घालून छातीची पोकळी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे हे तंत्र प्रामुख्याने क्षयरुग्णांसाठी वापरले गेले, हा योगायोग लक्षणीय आहे. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतील गाठी तपासण्यासाठी मानेच्या खाली छोटा छेद घेऊन नळी घालण्याची पद्धत स्वीडनमधीलच एरिक कार्लेन्स यांनी १९५९ मध्ये मांडली. ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली.

खरा पालट घडवला तो जपानमधील शिगेतो इकेदा यांनी. त्यांनी १९६६ मध्ये लवचिक ब्राँकोस्कोप जगापुढे आणला आणि ताठ नळीने जाता येत नव्हते अशा बारीक फांद्यांपर्यंत नजर पोचली. सीटी स्कॅनचा आधार घेऊन सुईने नमुना घेण्याची पद्धत १९७० च्या दशकात सुरू झाली. त्यानंतर एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्राँकोस्कोपच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र बसवले गेले. जपानमधील चिबा विद्यापीठातील डॉक्टरांनी २००४ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ‘ईबस’ हे नाव रूढ झाले. श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडील गाठ पडद्यावर पाहत पाहत तिच्यात सुई घालणे त्यामुळे शक्य झाले. रुग्णाला गुंगीचे औषध दिले जाते, टाके पडत नाहीत आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

गाठ कुठे, त्यावर मार्ग

आज डॉक्टरांपुढे साधारण चार मार्ग असतात आणि कोणता निवडायचा हे मुख्यतः गाठ कुठे आहे यावर ठरते. गाठ फुप्फुसाच्या कडेला, छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटी स्कॅनच्या किंवा सोनोग्राफीच्या आधारे बाहेरून सुई घालणे सोपे आणि कमी खर्चाचे ठरते. गाठ मोठ्या श्वासनलिकेत किंवा तिच्या लगत असेल तर साध्या ब्राँकोस्कोपीने चिमट्यातून तुकडा घेता येतो. दोन फुप्फुसांमधल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या असतील तर ‘ईबस’ला तोड नाही, काही ग्रंथी अन्ननलिकेच्या बाजूने अधिक सुलभ असतात आणि तिथून सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालता येते. छातीत पाणी झाले असेल आणि फुप्फुसावरणावर संशय असेल, तर बरगड्यांमधून दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहून तुकडा घेणे, म्हणजेच थोरॅकोस्कोपी, हा उत्तम मार्ग ठरतो.

या शेवटच्या मार्गाचे महत्त्व भारतात विशेष आहे. छातीतील पाणी सुईने काढून तपासले जाते, त्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाही, असे गृहीत धरून क्षयाची औषधे दिली जातात. वस्तुतः कर्करोगामुळे पाणी झालेल्या रुग्णांतही केवळ पाण्याच्या तपासणीत पेशी सापडण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपासच असते. थोरॅकोस्कोपीने घेतलेल्या तुकड्यात ते नव्वद टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे पाण्याचा अहवाल ‘निर्दोष’ आला तरी संशय संपत नाही.

‘ईबस’चा उपयोग केवळ निदानापुरता नाही. गाठ फुप्फुसात एका जागी आहे की मधल्या ग्रंथींपर्यंत पसरली आहे, यावर शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरते. युरोपातील चार केंद्रांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४१ रुग्णांच्या चाचणीत एका गटाची थेट मानेखालील छेदाने तपासणी झाली, तर दुसऱ्या गटात आधी सोनोग्राफीयुक्त दुर्बिणीने ग्रंथी तपासून गरज पडल्यासच छेद घेतला गेला. पहिल्या गटात १८ टक्के रुग्णांची छाती विनाकारण उघडली गेली; दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. सुईच्या टोकावरील काही पेशींनी एक मोठी निष्फळ शस्त्रक्रिया वाचवली, असाच त्याचा अर्थ.

तुकडा थोडा, मागण्या अनेक

वीस वर्षांपूर्वी पॅथॉलॉजिस्टकडून एवढेच अपेक्षित असे : गाठ कर्करोगाची आहे का, आणि असल्यास लहान पेशींची की इतर प्रकारची? आता तेवढ्यावर भागत नाही. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवरील ‘आयपास’ या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उपचारांची दिशाच बदलली. कर्करोगाच्या पेशीतील ‘ईजीएफआर’ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांत जेफिटिनिब ही गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली. मात्र तो बदल नसलेल्या रुग्णांत हीच गोळी केमोथेरपीहून स्पष्टपणे निकृष्ट ठरली. अर्थात, तपासणी न करता अंदाजाने गोळी देणे हा रुग्णावर अन्यायच ठरतो.

टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. ‘ईजीएफआर’ बदल असलेल्या ३५० रुग्णांवरील त्यांच्या चाचणीत केवळ जेफिटिनिब घेणाऱ्यांमध्ये आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिलेल्यांमध्ये १६ महिने. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन मुंबईत, भारतीय रुग्णांवर झालेले आहे. त्याचा लाभ कोणाला द्यायचा हे मात्र गाठीच्या तुकड्यातील जनुकीय तपासणीच सांगते. त्यानंतर ‘अल्क’, ‘रॉस-१’ यांसारख्या इतर बदलांवर आणि रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधांसाठीच्या चाचण्यांची भर पडली आहे.

परिणामी, सुईतून मिळालेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याकडून अनेक उत्तरे मागितली जातात. तो प्रकार ओळखण्यासाठीच्या निरनिराळ्या रंगचाचण्यांत संपून गेला तर जनुकीय तपासणीसाठी काही उरत नाही आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर यावे लागते. म्हणूनच पेशी खेचणाऱ्या बारीक सुईऐवजी शक्य तिथे ऊतकाचा सलग तुकडा देणारी सुई वापरणे, नमुना पुरेसा आहे की नाही हे तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि पहिल्याच वेळी तीन-चार तुकडे घेणे याला महत्त्व आले आहे. लिम्फोमा या ग्रंथींच्या कर्करोगात तर सुट्या पेशींवर बहुधा भागतच नाही. ऊतकाची रचना दिसावी लागते. रक्तातून जनुकीय बदल शोधणारी ‘लिक्विड बायोप्सी’ उपयुक्त पूरक आहे, परंतु तिचा अहवाल नकारार्थी आला म्हणून बदल नाही असे म्हणता येत नाही.

बाटलीतील छोटी चूक

या सर्व तंत्रवैभवात एक अगदी साधी गोष्ट निर्णायक ठरते : नमुना कोणत्या बाटलीत टाकला जातो. ऊतक टिकवण्यासाठी ते फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. पण फॉर्मॅलिनमध्ये क्षयरोगाचे जंतू मरतात आणि त्यांची वाढ करून पाहणे अशक्य होते. त्यामुळे भारतासारख्या देशात छातीतील प्रत्येक संशयित गाठीच्या नमुन्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये क्षयरोगाच्या जनुकीय तपासणीसाठी व कल्चरसाठी. हे भान राखले तर एकाच सुईने दोन्ही आजारांचा निकाल लागतो. औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर तोही कळतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, लागते ती फक्त शिस्त.

भीती आणि वास्तव

‘सुई लावली की गाठ भडकते’ ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. तिच्यापायी काही कुटुंबे बायोप्सीला नकार देतात आणि अमूल्य महिने अन्य उपचारांत घालवतात. जपानमधील १२४ केंद्रांतील ९,७८३ सीटी-बायोप्सींचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुईच्या मार्गावर कर्करोग रुजल्याची उदाहरणे होती सहा. म्हणजे दहा हजारांत सुमारे सहा. निदान न झाल्याने आजार पसरण्याची शक्यता याहून कितीतरी मोठी आहे.

याचा अर्थ बायोप्सी निर्धोक आहे असा नव्हे. अमेरिकेतील चार राज्यांतील २००६ च्या १५,८६५ सीटी-बायोप्सींच्या नोंदींनुसार १५ टक्के रुग्णांत फुप्फुसाभोवती हवा शिरली आणि साडेसहा टक्क्यांना छातीत नळी घालावी लागली. मोठा रक्तस्राव एक टक्क्याच्या आसपास होता. धूम्रपानाने फुप्फुसे जीर्ण झालेल्या वृद्धांत हा धोका अधिक. म्हणून सुई घालणाऱ्या केंद्रात नळी घालणारा हात आणि काही तास देखरेख असणे अपरिहार्य आहे. हे धोके रुग्णाला आधी, त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

प्रत्येक सावलीत सुई घालावी, असेही नाही. काही मिलिमीटरच्या बारीक गाठींपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जोखमीच्या धूम्रपींची कमी किरणांच्या सीटी स्कॅनने नियमित तपासणी केल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण संशयास्पद ठरलेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांत कर्करोग नव्हता. अशा गाठींवर ठरावीक काळाने लक्ष ठेवणे हाच शहाणपणा. छातीच्या मध्यभागी, हृदयापुढे असलेली आणि सहज काढता येण्याजोगी थायमसची गाठ तर अनेकदा आधी सुई न घालता थेट काढली जाते. तरुण पुरुषाच्या छातीत याच जागी मोठी गाठ दिसली, तर रक्तातील दोन साध्या चाचण्यांतून जननपेशींच्या कर्करोगाचा सुगावा लागू शकतो. सुई कधी घालू नये, हे कळणे हाही निदानकौशल्याचाच भाग आहे.

करायचे काय?

संगणकाच्या मार्गदर्शनाने चालणाऱ्या दुर्बिणी आणि यांत्रिक हातांची ब्राँकोस्कोपी ही महागडी साधने आहेत. अमेरिकेत त्यांतील पहिल्या यंत्रांना २०१८ आणि २०१९ मध्ये परवानगी मिळाली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोचण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. छातीच्या भिंतीजवळच्या गाठीत सीटी किंवा सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालण्यासाठी ही यंत्रे लागत नाहीत. लागतो तो प्रशिक्षित क्ष-किरणतज्ज्ञ, जवळ उपलब्ध पॅथॉलॉजिस्ट आणि नमुना मोठ्या प्रयोगशाळेत वेळेवर पोचवणारी व्यवस्था. कर्करोग केंद्रांना जोडणारी ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ २०१२ पासून अस्तित्वात आहे. जिल्ह्यातील रुग्णाचा नमुना प्रवास करील आणि रुग्णाला मुंबईच्या चकरा माराव्या लागणार नाहीत, अशी साखळी तिच्या आधारे उभारणे शक्य आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे तो क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाशी दुवा. जंतूंचा पुरावा नसताना ज्यांना क्षयाची औषधे सुरू झाली, त्यांच्याकडे ठरावीक मुदतीनंतर पुन्हा पाहिले गेले पाहिजे. लक्षणे आणि सावली कमी होत नसतील तर औषधे वाढवण्याऐवजी सीटी स्कॅन आणि नमुना, हा नियम व्हायला हवा. चाळिशी ओलांडलेल्या, रक्ताची थुंकी पडणाऱ्या किंवा धूम्रपानाची पार्श्वभूमी असलेल्या रुग्णाबाबत तर एवढीही वाट पाहण्याचे कारण नाही. खासगी दवाखान्यांत पहिला उपचार घेणारा शहरी रुग्णही या शिस्तीच्या बाहेर राहता कामा नये.

नातेवाइकांनीही काही प्रश्न निःसंकोच विचारायला हवेत. निदान कशाच्या आधारावर झाले आहे, चित्राच्या की तुकड्याच्या? नमुना क्षयासाठीही तपासला जाणार आहे का? जनुकीय तपासणीपुरता तुकडा राखून ठेवला जाणार आहे का? हे प्रश्न म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. पूर्वी छातीतील गाठीचे नाव कळण्यासाठी छाती उघडावी लागे, तेव्हा वाट पाहण्याला निदान एक कारण तरी होते. आता तीच गोष्ट एका सुईने, अनेकदा एका दिवसात होऊ शकते. अशा वेळी महिनोन्‌महिने सावलीवर औषधांचे प्रयोग करत राहण्याचे समर्थन कोणत्याही शास्त्रात सापडणार नाही.